टॉर्क कन्व्हर्टरचा बाप : हर्मान फोटिंगर

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या रूम पार्टनरचे वडील (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) आपली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन नाशिकला आले. गाडी डिझेल, ऑटोमॅटिक, आणि वयाने आमच्यापेक्षा थोडीच लहान. आमच्या विंगमधल्या निम्म्या मुलांनी चिखलातली पहिली मजा याच गाडीत केली आहे. पण या वेळी कसारा घाटात तिने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन नुसतं घुरघुरतंय, गिअर एकदा खाली एकदा वर, आणि मागून भरलेले ट्रकसुद्धा हॉर्न देत पुढे जातायत! त्यांच्या गावच्या एका गॅरेजने आधीच निकाल देऊन टाकला होता की गिअरबॉक्स गेला, खाली उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल. खर्चाचा जो आकडा सांगितला तेवढे पैसे गाडी विकूनसुद्धा आले नसते. काकांनी ती भंगारात द्यायचं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही द्वारकेला गेलो. नाशिककरांना द्वारका सांगायला नको. बाहेरगावच्या मुलांसाठी सांगतो की मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांच्या अंगावर येतात तो हा चौक. तिथून आत एका गल्लीत एक उस्ताद आहेत. त्यांनी गाडी चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली, फडक्यावर तेल पुसलं, वास घेतला. तेल लाल होतं, जळका वास नव्हता, दुधाळ गुलाबीही झालेलं नव्हतं. मग चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, डावा पाय ब्रेकवर गच्च, गिअर डी मध्ये, आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत. मनात पाच मोजले, आरपीएमचा काटा बघितला आणि पाय काढला. एक बोल्टसुद्धा न उघडता त्यांनी सांगितलं की गिअरबॉक्सवर त्यांचा संशय नाही. (हॉस्टेलमधल्या कुणीही हा प्रयोग वडिलांच्या गाडीवर करून बघू नये. पाचाच्या जागी पंधरा मोजले तर तेल उकळतं आणि मग गिअरबॉक्स खरोखरच जातो.)

मी विचारलं, हे कसं कळलं? त्यांनी तीन वाक्यांत समजावलं आणि मला त्यातलं एक समजलं. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. रूमवर येऊन पुस्तकं काढली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या धड्याखाली बारीक अक्षरात एक नाव दिसलं : फोटिंगर. ओहम, वॅट, डिझेल, बर्नुली या मंडळींच्या नावाने आपण मार्क मिळवतो किंवा घालवतो. जर्मनीत यंत्रांच्या माणसांमध्ये हे नाव तितकंच मोठं आहे, पण आपल्या व्हायवात ते कुणी विचारत नाही. (उच्चार फो आणि फे यांच्या मधला कुठलातरी आहे, तो मला जमत नाही.)

हर्मान फोटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूरेंबर्ग इथे झाला. शाळा संपल्यावर १८९५ ते १८९९ या काळात म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात ते शिकले, आणि गंमत म्हणजे त्यांचा विषय होता इलेक्ट्रिकल. पाण्याच्या जोरावर शाफ्ट फिरवणारा हा माणूस मुळात विजेचा! आपल्याकडे ब्रँच बदलायची असेल तर पहिल्या वर्षाच्या मार्कांवर सगळं अडतं. फोटिंगर यांनी ब्रँच बदलली ती नोकरीला लागल्यावर. १८९९ मध्ये, बावीस वर्षांचे असताना, ते श्टेटिन शहरातल्या व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. श्टेटिन तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमधलं श्चेचिन आहे.

तो काळ समजून घ्यायला हवा. अटलांटिक सगळ्यात लवकर कोण ओलांडतो याची इंग्लंड आणि जर्मनीत चुरस लागली होती, आणि जर्मनीची गाजलेली वेगवान जहाजं व्हल्कनमध्येच बनत होती. १८९७ चं कैसर विल्हेल्म देअर ग्रोसे तिथलंच, १९०० चं डॉइचलांडही तिथलंच. डॉइचलांड वेगासाठी जेवढं प्रसिद्ध झालं तेवढंच थरथरण्यासाठी बदनाम झालं. हजारो हॉर्सपॉवरची वाफेची इंजिनं, लांबच लांब शाफ्ट आणि टोकाला प्रॉपेलर. जहाजाने ठरलेला वेग गाठला नाही की प्रश्न एकच : चूक कुणाची? इंजिन कमी पडतंय, प्रॉपेलर चुकीचा आहे, की जहाजाच्या तळाचा आकारच वाईट आहे? करारात वेग लिहिलेला असायचा, त्यावर पैसे अडायचे, आणि प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्ट बंद पडल्यावर जे होतं तेच, फक्त फार मोठ्या रकमांसाठी.

इंजिनाची ताकद मोजायची जुनी पद्धत म्हणजे इंडिकेटर डायग्रॅम. सिलिंडरमधला दाब कागदावर रेखून त्या आकृतीचं क्षेत्रफळ काढायचं. हे आपण लॅबमध्ये करतो, म्हणजे मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो. पण त्यातून कळते ती सिलिंडरच्या आत तयार झालेली ताकद. घर्षणात वगैरे किती गेली आणि प्रॉपेलरपर्यंत प्रत्यक्ष किती पोचली हे त्यातून कळत नाही. शिवाय आता स्टीम टर्बाइन आलं होतं. टर्बाइनला सिलिंडरच नाही, मग डायग्रॅम कशाचा काढणार?

तरुण फोटिंगर यांनी मोजायची जागाच बदलली. इंजिन सोडा, प्रॉपेलर सोडा, दोघांच्या मधला शाफ्ट मोजा. शाफ्टमधून टॉर्क जातो तेव्हा तो थोडासा पिळला जातो. हा पीळ किती, हे टॉर्कवर अवलंबून असतं. दुसऱ्या वर्षाच्या एसओएममध्ये टॉर्शनचं जे सूत्र आपण पाठ करतो ते हेच. मी ते इंग्रजीत शिकलो आणि टॉर्शन म्हणजे साधा पीळ, कपडे पिळतो तो पीळ, हे मला द्वारकेला उस्तादांच्या तोंडून ऐकेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल करतो. फोटिंगर यांनी शाफ्टभोवती एक लांब नळी बसवली. नळीचं एक टोक शाफ्टला पक्कं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकापाशी नळीवर एक तबकडी आणि शेजारी शाफ्टवर दुसरी. शाफ्ट पिळला गेला की दोन तबकड्यांमध्ये केसाएवढा फरक पडायचा. तो फरक तरफांनी मोठा करून फिरणाऱ्या कागदावर उमटवायचा. झाला टॉर्शन इंडिकेटर! हातात टॉर्क आला, आरपीएम तर होताच, दोघांचा गुणाकार केला की प्रॉपेलरला मिळालेली खरी ताकद समोर. आता भांडण मिटवता येत होतं. शाफ्टवरचा आकडा कमी असेल तर मागे इंजिनाकडे जा, आकडा बरोबर असेल तर पुढे प्रॉपेलरकडे. याच विषयावर प्रबंध लिहून त्यांनी म्युनिकहून डॉक्टरेट घेतली.

माझ्या मते फोटिंगर यांच्या पुढच्या मोठ्या शोधाचं मूळ इथे आहे. रोज शाफ्टवर बसून एका टोकाने काय येतं आणि दुसऱ्या टोकाने काय जातं हे मोजणाऱ्या माणसाला मधल्या जागेचं महत्त्व जेवढं कळेल तेवढं इतरांना कळणार नाही.

आता मधल्या जागेत नवीनच अडचण उभी राहिली होती. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८९७ मध्ये टर्बिनिया ही छोटी बोट राणीच्या आरमारी संचलनात सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पळवून दाखवली आणि टर्बाइनचं युग सुरू झालं. पण टर्बाइनला फिरायला आवडतं मिनिटाला हजारो फेऱ्यांनी, आणि मोठा प्रॉपेलर चांगलं काम करतो शेकड्यांत. प्रॉपेलर जोरात फिरवला तर पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि तो नुसता पाणी घुसळत बसतो. टर्बाइन हळू फिरवलं तर ते वाफ खातं आणि काम करत नाही. मध्ये गिअर टाका म्हणाल, तर हजारो हॉर्सपॉवर इतक्या वेगाने पेलतील असे अचूक दाते कापणं तेव्हा कुणाला खात्रीने जमत नव्हतं.

व्हल्कनने हे कोडं फोटिंगर यांच्यापुढे ठेवलं. विजेचा माणूस असल्याने त्यांच्या डोक्यात आधी विजेचाच उपाय आला : टर्बाइनवर जनरेटर, प्रॉपेलरवर मोटर, मध्ये वायर. हिशेब केला तर वजन आणि खर्च दोन्ही परवडेना. मग त्यांनी त्याच आकृतीत शब्द बदलले. जनरेटरच्या जागी पंप, मोटरच्या जागी पाण्याचं टर्बाइन, वायरच्या जागी पाइप. वाफेचं टर्बाइन पंप फिरवेल, पंपाचं पाणी जलटर्बाइनवर पडेल, जलटर्बाइन प्रॉपेलर फिरवेल. इथपर्यंत कुणीही हुशार मुलगा पोचला असता. गोची पुढे आहे. पंपाची कार्यक्षमता ८० टक्के धरा, टर्बाइनची ८० टक्के धरा, गुणाकार ६४. म्हणजे तिसरा हिस्सा ताकद पाण्यातच बुडाली! असं यंत्र कोण घेणार?

फोटिंगर यांनी विचारलं की हे ३६ टक्के नेमके जातात कुठे. पंपाच्या चाकातून पाणी जोरात बाहेर पडतं, मग शंखासारख्या आवरणात ते हळू करायचं, पाइपातून न्यायचं, वळवायचं, आणि टर्बाइनपाशी पुन्हा जोरात करायचं. चोरी चाकांमध्ये कमी, मधल्या या सगळ्या प्रवासात जास्त. मग प्रवासच काढून टाका! पंपाचं चाक आणि टर्बाइनचं चाक एकाच डब्यात, एकमेकांना जवळजवळ चिकटून ठेवा. पंपातून निघालेलं पाणी त्याच जोरात थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाऊ दे, आणि परत येताना एका स्थिर पात्यांच्या चाकाने त्याला दिशा देऊन पुन्हा पंपात घाला. हे तिसरं, स्थिर चाक म्हणजे आपला स्टेटर. त्याचा टेकू असल्यामुळेच बाहेर पडणारा टॉर्क आत आलेल्या टॉर्कपेक्षा जास्त होऊ शकतो. स्टेटर काढून टाकला तर उरतं ते साधं फ्लुइड कपलिंग, ज्यात टॉर्क जेवढा येतो तेवढाच जातो. २४ जून १९०५ या तारखेचं जर्मन पेटंट या दोन्ही गोष्टींना व्यापून आहे. तेव्हा ते होते अठ्ठावीस वर्षांचे.

प्रत्यक्ष यंत्र बनवून फिरवलं तेव्हा कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर गेली. वर एक चलाखी अशी की ज्या ताकदीचा तोटा व्हायचा ती पाणी गरम करायची, आणि ते गरम पाणी बॉयलरला द्यायचं. शिवाय जहाज मागे न्यायला वेगळं उलटं टर्बाइन नको, त्याच डब्यात पाणी दुसऱ्या चाकांकडे वळवलं की झालं. फोटिंगर ट्रान्सफॉर्मर असं त्याचं नाव पडलं. ट्रान्सफॉर्मर! इलेक्ट्रिकलवाला शेवटी इलेक्ट्रिकलवालाच.

१९०९ मध्ये ते डान्झिगच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. (डान्झिगही आता पोलंडमध्ये, ग्दान्स्क या नावाने. या माणसाची नोकरीची पहिली दोन्ही गावं नकाशात देश बदलून बसली आहेत.) आता वाटेल की इथून पुढे सगळ्या जहाजांवर त्यांचं यंत्र बसलं असेल. तसं झालं नाही. साधारण त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये पार्सन्स यांनी व्हेस्पेशियन नावाचं जुनं मालवाहू जहाज घेऊन त्यावर गिअर लावलेलं टर्बाइन चालवून दाखवलं. दाते कापण्याची कला पुढे गेली होती. गिअरमध्ये तोटा अगदी किरकोळ, पाण्याच्या डब्यात मात्र दहा-पंधरा टक्के ठरलेले. शर्यत लागली आणि फोटिंगर हरणार होते.

तरी काही जहाजांवर ट्रान्सफॉर्मर बसले. १९१३ चं क्योनिगिन लुइझे हे सहलीचं छोटं जहाज त्यातलंच. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्यावर घाईघाईने समुद्री सुरुंग चढवले आणि थेम्सच्या मुखाकडे पाठवलं. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिशांनी ते बुडवलं. जर्मन आरमाराचा त्या युद्धातला तो पहिला बळी. दुसऱ्या दिवशी त्यानेच पेरलेल्या सुरुंगांवर ॲम्फियन ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. श्टेटिनला डिसेंबर १९१३ मध्ये टिर्पिट्झ नावाचं मोठं प्रवासी जहाज पाण्यात उतरलं, तेही फोटिंगर ट्रान्सफॉर्मरचं. युद्धामुळे काम रखडलं, हरल्यावर जहाज भरपाई म्हणून ब्रिटनकडे गेलं, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने विकत घेऊन त्याचं नाव एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया ठेवलं आणि पॅसिफिकमध्ये फेऱ्या सुरू केल्या. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारच्या सुमारास हे जहाज योकोहामा बंदरातून निघणार, तेवढ्यात जपानचा तो भयंकर भूकंप झाला. धक्का कोसळला, शहर पेटलं, पाण्यावर तेल पेटलं. अशा वेळी दुसऱ्या एका जहाजाच्या नांगराची साखळी एम्प्रेसच्या प्रॉपेलरमध्ये अडकलेली! तरी जहाज वाचलं, आणि पुढचे कितीतरी दिवस तिथेच थांबून त्याने हजारो लोकांना आसरा दिला. एवढं करूनही कंपनी इंजिनावर खूश नव्हती. वेग कमी, इंधन जास्त. शेवटी १९२६-२७ मध्ये स्कॉटलंडमध्ये नेऊन टर्बाइनसकट ट्रान्सफॉर्मर उपटून काढले आणि पार्सन्स यांची गिअरवाली टर्बाइनं बसवली. वेग वाढला, इंधन कमी लागू लागलं. निदान बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. त्या जहाजाचा गिअरबॉक्स खरंच बदलायला हवा होता.

फोटिंगर यांना काय वाटलं असेल? ज्या कामासाठी वीस वर्षांपूर्वी हे यंत्र जन्माला घातलं त्या कामातून ते बाद झालं होतं. ते मात्र तोपर्यंत पुढे निघाले होते. १९२४ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात द्रवांचा प्रवाह आणि टर्बोयंत्रं या विषयाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रॉपेलरभोवतीचे भोवरे, पात्यांना खड्डे पाडणारे बुडबुडे म्हणजे कॅव्हिटेशन, यावर त्यांनी तिथे काम केलं. त्यांच्या नावावर शंभराहून जास्त पेटंट आहेत.

आणि त्यांचं टाकून दिलेलं यंत्र दुसऱ्यांनी उचललं. लंडनमध्ये हॅरॉल्ड सिंक्लेअर हे इंजिनिअर बस सुटताना बसणारे हिसके कसे कमी करावेत या विचारात होते, त्यांनी फ्लुइड कपलिंग रस्त्यावर आणलं. १९३० मध्ये डेमलर कंपनीने ते गाड्यांत बसवलं. जहाजात तोट्याचं वाटणारं घसरणं रस्त्यावर वरदान ठरलं! जहाज तासन्‌तास एकाच वेगाने जातं, तिथे प्रत्येक टक्का मोजावा लागतो. गाडी सिग्नलला थांबते, सुटते, पुन्हा थांबते. तिथे इंजिन चालू आणि चाक उभं, हे झेपणारं काहीतरी मध्ये हवंच. पुढची सुधारणा १९२८ मध्ये कार्ल्सरूहे इथे झाली : स्टेटर फ्रीव्हीलवर बसवला. सुरुवातीला तो घट्ट उभा राहून टॉर्क वाढवतो, आणि वेग आला की स्वतःच सुटून फिरू लागतो, म्हणजे अडथळा नको. आज ऑटोमॅटिक गाडीत जो टॉर्क कन्व्हर्टर असतो तो मुळात हाच. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, त्यात फ्लुइड कपलिंग होतं. तोच गिअरबॉक्स लगेच एम-५ या अमेरिकन रणगाड्यात गेला.

आपल्याकडे याच घराण्यातली यंत्रं शोधायला फार लांब जावं लागत नाही. खडी उपसणाऱ्या जेसीबीच्या बॅकहो लोडरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे संच आहेत. अशा संचांमध्ये बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा वेग बदलण्यासाठी मोटर आणि पंप यांच्यामध्ये सहसा हायड्रॉलिक कपलिंग असतं. चित्तरंजनला बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या डिझेल इंजिनांतही, आपले भारतीय इंजिनिअर डॉ. मनमोहन सुरी यांच्या नावाचं हायड्रॉलिक ट्रान्समिशन होतं.

आता पुन्हा काकांच्या गाडीकडे. उस्तादांनी जी केली तिला स्टॉल टेस्ट म्हणतात, आणि ती म्हणजे चाकांवरचा टॉर्शन इंडिकेटर आहे असं मला रात्री दोन वाजता पुस्तक वाचताना लक्षात आलं. ब्रेक दाबून गाडी डी मध्ये ठेवली की चाकं बंद, म्हणजे कन्व्हर्टरचं टर्बाइन बंद. पंप मात्र इंजिनाला जोडलेला, तो फिरतो आणि थांबलेल्या पात्यांवर तेल मारतो. अशा अवस्थेत पंपाला फिरवायला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून फुल थ्रॉटलला काटा जिथे थांबतो तो आकडा इंजिन किती टॉर्क देतंय हे सांगतो. आरपीएम ८० टक्के भरला तर टॉर्क फक्त ६४ टक्के. कन्व्हर्टरच डायनामोमीटर झाला की!

मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा काटा वर गेला असता तर दोष गिअरबॉक्समध्ये : आतले क्लच घसरतायत किंवा तेलाचा दाब कमी आहे, म्हणून इंजिन मोकाट पळतंय. काकांच्या गाडीचा काटा चारशे-पाचशेने खाली थांबला होता. याचे अर्थ दोन. एक तर स्टेटरचं फ्रीव्हील दोन्हीकडे सुटतंय, नाहीतर इंजिनच दुबळं आहे. फ्रीव्हील सुटलं असतं तर गाडी उठताना मेल्यासारखी वाटली असती पण सपाट हायवेवर वेग आल्यावर ठीक चालली असती. काका म्हणाले, हायवेलाही ओढत नाही. शिवाय त्या पाच सेकंदांत उस्तादांच्या पोराने, जो बॉनेट उघडून कान लावून उभा होता, फुसकारल्यासारखा आवाज ऐकला होता आणि मागे सायलेन्सरमधून काळा धूर आला होता. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी होज क्लॅम्पच्या खाली फाटलेला. इंजिन आयडलला असताना चीर मिटलेली, म्हणून कुणाला दिसत नव्हती. लोड आला, हवेचा दाब चढला की उघडायची आणि निम्मी हवा बाहेर. ताकद नाही म्हणून कॉम्प्युटर गिअर खाली टाकायचा, मग वर, मग खाली. सगळ्यांना वाटलं गिअरबॉक्स वेडा झालाय. तो बिचारा हुकूम पाळत होता.

होज आणि दोन क्लॅम्प बदलले. मजुरीसकट जे झालं त्यापेक्षा जास्त आम्ही त्या दिवशी जेवणावर घालवलं, कारण काका खूश होते. उस्तादांनी जाताना एवढंच बजावलं की नदीनाल्यात गाडी घालत असाल तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरची नळी बघत जा, तिथून पाणी आत गेलं की तेलाचं गुलाबी दूध होतं आणि मग स्टॉल टेस्टचा उपयोग नाही.

फोटिंगर यांनी हे दिवस बघितले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते बर्लिनमध्येच होते, वय ६८. पश्चिमेकडून येणाऱ्या अमेरिकन सैन्यात हायड्रा-मॅटिकवाले रणगाडे होते, म्हणजे त्यांच्याच चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्याचे वंशज जर्मनीच्या रस्त्यांवरून चालले होते. बर्लिनला मात्र रशियन फौजांनी वेढा घातला होता, गल्लोगल्ली तोफगोळे पडत होते. २८ एप्रिल १९४५ रोजी अशाच एका गोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. दहा दिवसांनी युरोपातलं युद्ध संपलं. आणखी तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, ब्युइकची डायनाफ्लो आली, टॉर्क कन्व्हर्टर लावलेली, आणि मग ऑटोमॅटिक गाड्या लाखांनी खपू लागल्या. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाने आपल्या द्रवयांत्रिकीच्या संस्थेला पुढे हर्मान फोटिंगर यांचं नाव दिलं.

मी हे सगळं उस्तादांना सांगायला पुढच्या रविवारी द्वारकेला गेलो होतो. त्यांच्यासमोर एक गिअरबॉक्स उघडा पडला होता, जळक्या तेलाचा वास सुटला होता, आणि त्यांना वेळ नव्हता.